भाता आधी

कुडतरीला, तळ्याच्या बांधाला लागून घर.
पोर्चमध्ये गाडी पूर्ण मावत नव्हती,
शेपूट उन्हात. म्हणून पुढून हिरवी
आणि मागून, कसला तरी, हिरव्याचा आठव.

इस्माईल मेस्त्री मुलीकडच्या मामासारखा
तोंड वाकडं करून भोवती फिरला.
आवडली असं दिसू द्यायचं नाही, बाय.
मी आधीच दिसू दिलं होतं.

मला हवी होती ती मागची जागा.
चार पेट्या, आडव्या, एकीवर एक न ठेवता,
वर तबल्याचा एक जोड, आणि कोपऱ्यात भाचा, उकिडवा.
पेडण्यापासून काणकोणापर्यंत देवळं, भजनी मंडळं,
एक कॉन्व्हेंटसुद्धा. सगळीकडच्या पेट्यांना
चतुर्थीच्या आधी आठच दिवस दमा होतो.

बाबा म्हणायचे, पेटी घेताना सूर शेवटी बघ.
भाता आधी. श्वास टिकतो का ते.
सूर काय, कानस घेऊन बसलं की येतो जागेवर.
चामडं कुजलं असेल तर उठ आणि घरी ये.

म्हणून मी बॉनेटकडे गेलेच नाही.
मागची चटई उचलली.
खाऱ्या वाऱ्याचं काम खालून चालतं;
वर पॉलिश, खाली पत्रा पापडासारखा.
डाव्या चाकावर रुपया जाईल एवढं भोक,
त्यातून फरशीवरची मुंगी दिसली.
छताच्या शिवणीत बोट घातलं:
रिवणच्या रस्त्यांची ती चमकती लाल पूड नाही.
म्हणजे खाणीवर राबलेली नाही. बरं.
मध्येच एक खळगा, वाटीएवढा. मार लागलेला असणार.

इस्माईलने इंजिनावर हात ठेवला. गरम.
सकाळी कुठे नेली होती?
कुठे नाही, कायतान म्हणाला.
गरम इंजिन कुणाच्याही हाताने सुरू होतं,
आम्ही इतके कच्चे नाही. बसून राहिलो.
पाऊण तास. चहा, दोदोल, परत चहा.

त्या पाऊण तासात कळलं, हा लग्नाच्या बँडमधला.
राबेकांव, म्हणत त्याने हात डोक्याच्याही वर नेला.
ते कुठल्याच गाडीत बसेना म्हणून ही, सत्त्याण्णव साली.
मध्यरात्री परतताना ते मागे आडवं झोपलेलं,
आणि त्याला डुलकी येऊ नये म्हणून
बाजूला एस्पेरान्स, माशांचे भाव सांगत.
खळगा त्या वाद्याच्या खिळ्याचा. वीस वर्षांचा.

कुठंय आता?
हॉटेलवाल्याला दिलं. लॉबीत उभं असतं.
तारा नाहीत.

थंड झाली. किल्ली फिरवली. खोकली, मग लागली.
धूर निळसर, आणि विरला. पांढरा असता तर
इस्माईल तिथूनच चप्पल घालणार होता.
मी डोळे मिटले. काळी एकच्या किंचित खाली,
तिसऱ्या गिअरला बेसूर.
बोरीच्या चढावर दमली नाही,
उतारावर ब्रेक मात्र डावीकडे ओढतो.

मग कागद. आरसी बुकावर नाव तिचं.
आधी तुमच्या नावावर करावी लागेल, मी म्हटलं,
मृत्यूचा दाखला लागेल, मडगावला दोन खेपा.
ठाऊक आहे, तो म्हणाला. चार वर्षं ठाऊक आहे.
रोज सकाळी चालू करतो. बसतो थोडा. बंद करतो.

इस्माईलने पन्नास म्हणायचं ठरवलं होतं.
म्हणाला पासष्ट, आणि माझ्याकडे बघितलं नाही.

बयाणा दिलाय. कागद व्हायला पावसाळा जाईल.
भोक वेल्ड करायचं, ब्रेक बघायचे.
खळगा ठोकून काढू नको असं सांगितलंय;
पेटीचा पाय त्यात बसेल, वळणावर घसरणार नाही.

एकदा त्या हॉटेलात जाऊन यायला हवं.
कसल्या तारा लागतात त्याला, किती जाड,
नुसतं बघून यायचं.